बांते स्रेई: राजाने नव्हे, राजगुरूने बांधलेलं देऊळ

पेन्सिलटोक

माझं लहानपण वेरूळपासून तासाभराच्या अंतरावर गेलं. घरी पाहुणे आले की त्यांना लेणी दाखवायला नेणं हे आम्हा मुलांचं काम. त्यामुळे कैलास लेण्यातलं रावणाचं शिल्प, तो खाली बसून पर्वत हलवतोय ते, मी किती वेळा पाहिलं असेल याला गणती नाही. चित्रकलेच्या वहीत तेच काढायचे. दहा डोकी कधी नीट बसायची नाहीत.

यंदा कंबोडियाला गेले ती अंकोर वाट बघायला. पण हाताशी असलेल्या पाच दिवसांतल्या दोन सकाळी मी एका लहानशा देवळात काढल्या, कारण तिथल्या एका दारावर मला माझा रावण भेटला. त्या देवळाबद्दल मराठीत सविस्तर वाचलेलं आठवत नाही, म्हणून हा धागा.

देवळाचं आजचं नाव बांते स्रेई. अंकोरच्या मुख्य देवळांपासून ईशान्येला पंचवीसेक किलोमीटर. वाटेत ताडाची झाडं, आणि एका गावात रस्त्याच्या कडेला मोठमोठ्या कढयांत ताडगूळ आटत असतो. 'बांते' म्हणजे गढी आणि 'स्रेई' म्हणजे स्त्री. पण हे नाव नंतरचं. मूळ देव त्रिभुवनमहेश्वर, म्हणजे शिवलिंग, आणि देवळाभोवती वसलेल्या गावाचं नाव ईश्वरपूर. ते गाव लाकडाचं होतं, त्यातलं आज काही उभं नाही.

देवाची प्रतिष्ठापना झाली २२ एप्रिल ९६७ रोजी. ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या लोकांच्या, शिलालेखांत कालगणना शकाची असते, म्हणजे आपल्या पंचांगाच्या भाषेत शके ८८९. हे वाचलं तेव्हा मी थबकले. आजीच्या घरी भिंतीवरच्या पंचांगात जो शालिवाहन शक असायचा, त्याच मोजणीने इतक्या दूरवरच्या दगडावर साल कोरलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट. अंकोरची मोठी देवळं राजांनी बांधली. हे बांधलं यज्ञवराह नावाच्या विद्वानाने, आणि त्याचा भाऊ विष्णुकुमार त्याच्या सोबत होता. यज्ञवराह राजकुळातलाच, राजा हर्षवर्मन पहिला याचा नातू, पण गादीवर बसणारा नव्हे. तो राजा राजेंद्रवर्मनच्या दरबारात होता आणि पुढे जयवर्मन पाचवा लहान वयात राजा झाला तेव्हा त्याचा गुरू झाला. आजाऱ्यांना, गरिबांना आणि अन्याय झालेल्यांना मदत करणारा, अशी त्याची स्तुती शिलालेखात आहे. स्तुतीचे शिलालेख मी एरवी मनावर घेत नाही. राजांच्या लेखांत शत्रूच्या हत्तींची गंडस्थळं फोडण्यापलीकडे फारसं काही नसतं. पण इथे रोग्यांची आठवण काढलीय, हे वेगळं वाटलं.

देऊळ लहान आहे, म्हणजे खरंच लहान. सर्वांत आतलं आवार चौरस, एक बाजू फक्त २४ मीटर. त्यात एकाच जोत्यावर तीन शिखरं, मधलं जेमतेम दहा मीटर उंच. मधल्या गाभाऱ्याचं दार मीटरभराहून थोडंसंच उंच, आत जायचं तर अगदी वाकावं लागेल. हल्ली दोरी बांधून जोतं बंद केलंय, आत जाता येत नाही. मधला आणि दक्षिणेचा गाभारा शिवाचा, उत्तरेचा विष्णूचा. समोर, पूर्वेच्या दोन कोपऱ्यांत दोन छोट्या इमारती. अभ्यासक त्यांना 'ग्रंथालय' म्हणतात. ते केवळ रूढ झालेलं नाव आहे, तिथे पोथ्याच होत्या असा त्याचा अर्थ नाही.

दगड लालसर गुलाबी वालुकाश्म. टणक आणि बारीक कणांचा, त्यामुळे लाकडावर करावं तसं कोरीवकाम त्यावर टिकलंय. बोटभर जागा रिकामी सोडलेली नाही. हजाराहून अधिक पावसाळे खाऊनही पानांच्या कडा धारदार आहेत. मी पेन्सिलीने काढायला बसले आणि एका वेलीच्या वळणात अर्धा तास गेला.

आता रावण. दक्षिणेच्या ग्रंथालयाच्या पूर्व दारावर, चौकटीच्या वर जो कमानदार शिल्पपट आहे, त्यात तो आहे. वरच्या टोकाला शिव, त्याच्या मांडीवर उमा, भीतीने त्याला बिलगलेली. खालच्या पायरीवर ऋषी, त्यांच्यात खळबळ. त्याखाली शिवाचे गण: धड माणसाचं, डोकं घोड्याचं, माकडाचं, सिंहाचं, पक्ष्याचं. सर्वांत खाली रावण, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी हत्ती, सिंह जीव घेऊन पळताहेत. शिवाने पाय टेकवलाय, तेवढ्याने काम झालंय.

गोष्ट तीच. पण पर्वत बघा. वेरूळचा कैलास म्हणजे खडबडीत खडक, त्याखाली खोल अंधारी पोकळी, त्यात रावण. इथला कैलास म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा, वर निमुळता होत गेलेला. हा आकार मी आदल्याच दिवशी पाहिला होता: प्रे रुप हे राजेंद्रवर्मनचं ९६१ सालचं देऊळ असंच टप्प्याटप्प्यांनी वर चढतं. ख्मेर राजे आपलं मुख्य देऊळ पर्वत म्हणून बांधत, मेरू किंवा कैलास म्हणून. यज्ञवराहाचं देऊळ मात्र सपाट जमिनीवर आहे, त्याला असा पिरॅमिड नाही. राजाचा तो मान राजगुरूने घेतला नाही. पण दारावरच्या शिल्पात त्याच्या कारागिराने कैलास कोरताना राजाच्या देवळाचाच आकार कोरला. वेरूळला राष्ट्रकूटांनी डोंगर कोरून देऊळ काढलं आणि त्याला कैलास म्हटलं. इथे कैलास कोरायचा होता तर त्याने देऊळ काढलं.

हे माझं वाचन आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही. चुकत असेन तर जरूर सांगा. बाकीच्या शिल्पांबद्दल प्रतिसादांत लिहीन.

---

ओसरीवरून

वाचनखूण साठवली. तीन गाभाऱ्यांत शिव आणि विष्णू शेजारी शेजारी, हे वाचून पंढरपूर आठवलं. विठ्ठलाने शिवाला माथ्यावर धरलंय अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या देवळात शिव-विष्णूंचं हे शेजार फक्त गाभाऱ्यांपुरतं आहे की शिल्पांतही दिसतं?

---

पेन्सिलटोक

शिल्पांत तर फारच स्पष्ट दिसतं. बरं झालं विचारलंत.

पूर्वेकडून आत आलं की डावीकडे दक्षिणेचं ग्रंथालय, उजवीकडे उत्तरेचं. डावीकडच्याच्या दोन्ही दारांवर शिवाच्या गोष्टी आहेत. पूर्वेला रावण, पश्चिमेला कामदहनाची. तिथेही तोच पायऱ्यांचा कैलास, वर शिव ध्यानात, शेजारी उमा त्याला जपमाळ देतेय आणि एका बाजूला मदन धनुष्य ताणून उभा. अजून जळलेला नाही. बाण सुटायच्या आधीचा क्षण धरलाय.

उजवीकडच्याच्या दोन्ही दारांवर कृष्ण. पूर्वेला खांडववन, पश्चिमेला कंसवध. म्हणजे शिवाच्या गाभाऱ्यांच्या बाजूला शिवाच्या कथा आणि विष्णूच्या गाभाऱ्याच्या बाजूला कृष्णाच्या. आत येणारा माणूस या दोघांच्या मधून चालत मधल्या लिंगाकडे जातो.

खांडववनाचं शिल्प मला रावणाइतकंच आवडलं. अग्नीला वन खायचंय, इंद्राला ते वाचवायचंय कारण त्याचा मित्र तक्षक तिथे राहतो. वर ढगांत इंद्र तीन सोंडांच्या, म्हणजे तीन डोक्यांच्या ऐरावतावर. त्याचा पाऊस तिरक्या समांतर रेघांनी कोरलाय, आणि त्याखाली बाणांचं छत, पाऊस अडवणारं. मधल्या जागेत पक्ष्यांचे थवे आणि पावसात वर उसळलेला नाग. खाली घाबरलेलं रान. दगडात पाऊस कसा दाखवायचा हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्या माणसाला पडला आणि त्याने सोडवलाही.

कंसवधाचं महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. तिथला राजवाडा ख्मेर राजवाडा आहे. त्या काळी दगड देवांसाठी राखीव, राजासकट सगळी माणसं लाकडी घरांत राहायची आणि ती घरं केव्हाच गेली. त्यामुळे दहाव्या शतकातला राजवाडा कसा दिसत असेल ते बघायचं तर असं शिल्पच बघावं लागतं. मथुरेचा कंस त्यांनी आपल्या राजवाड्यात आणून मारला.

---

कातळशिल्पी

सुंदर लिहिलंय. एक गोष्ट मात्र ठासून सांगावीशी वाटते. शिव आपला, कृष्ण आपला, संस्कृत आपली, शक आपला. मग हे आपलंच देऊळ म्हणायला काय हरकत? आपल्या पूर्वजांनी समुद्र ओलांडून तिथे राज्यं उभारली हे आपण अभिमानाने का सांगत नाही?

---

पेन्सिलटोक

कातळशिल्पी, तुमचा अभिमान मला कळतो, कारण रावण दिसला तेव्हा माझ्याही तोंडून 'आपला' हाच शब्द निघाला होता. पण दोन सकाळी तिथे बसल्यावर तो शब्द मला पुरेनासा झाला.

भारतातल्या कुठल्या राजाने तिथे राज्य केल्याचा पुरावा नाही. व्यापारी गेले, ब्राह्मण गेले, बौद्ध भिक्षू गेले, ग्रंथ गेले. तिथल्या लोकांनी त्यातलं हवं ते घेतलं आणि आपल्या पद्धतीने वापरलं. शिलालेखांतच ते दिसतं. देवाची आणि राजाची स्तुती संस्कृत श्लोकांत, आणि जमीन कुठवर, तांदूळ किती, सेवेला माणसं कोण, हा व्यवहार ख्मेरमध्ये. ज्या भाषेत घर चालतं ती भाषा त्यांचीच राहिली.

शिल्पांतही तसंच. देवतांच्या अंगावरचं नेसणं ख्मेर, केसांची बांधणी ख्मेर. तीन डोक्यांचा ऐरावत तर आपल्याकडच्या शिल्पांत सहसा दिसत नाही. आणि पायऱ्यांचा कैलास तर मी वर लिहिलाच आहे. ज्याने तो रावण कोरला त्याने वेरूळ पाहिलं नव्हतं. त्याने आपल्या देशातलं देऊळ पाहिलं होतं.

आपलं काही तिथे पोचलं याचा आनंद आहेच. पण हात तिथले होते, हे सांगायला मला जास्त आवडेल.

---

शब्दमोट

पेन्सिलटोक यांच्याशी सहमत. संस्कृतच्या अभ्यासकाच्या नजरेने थोडी भर.

ख्मेर लेखांमधलं संस्कृत उष्टं-पाष्टं नाही. छंद शुद्ध, श्लेष भरपूर, महाभारताचे संदर्भ पाठ असल्यासारखे. इतक्या दूर, रोज संस्कृत न बोलणाऱ्या मुलखात हे शिकवणारी गुरुकुलं असणार. यज्ञवराह हा त्याच परंपरेतला माणूस, तो नुसता आश्रयदाता नव्हे.

शकाचा विषय निघालाच आहे तर, मेकाँगच्या काठावर संबोर इथे सापडलेल्या एका शिलालेखात शके ६०५ हे साल अंकांत लिहिलेलं आहे आणि मधलं शून्य ठिपक्याने दाखवलंय. म्हणजे इ. स. ६८३. निश्चित साल असलेल्या सर्वांत जुन्या शून्यांत त्याची गणना होते. तो दगड आता नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कुणी जात असेल तर तो बघायला चुकू नका.

आणि 'अंकोर' हा शब्द 'नगर'वरूनच आलाय.

---

पेन्सिलटोक

शब्दमोट, धन्यवाद. शून्याचा तो दगड पाहायचा राहिला याची आता हळहळ वाटतेय.

---

लोखंडी फळी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे मला या देवळाचं वेगळंच कौतुक आहे. आज ते उभं दिसतं ते एका पद्धतीमुळे, तिला अॅनास्टायलोसिस म्हणतात.

१९१४ मध्ये एका फ्रेंच अधिकाऱ्याला हे देऊळ सापडलं तेव्हा ते रानात ढासळलेलं होतं. १९३१ ते १९३६ या काळात आन्री मार्शाल यांनी ते उभं केलं. ही पद्धत ते जावा बेटावर डचांकडून शिकून आले होते. आधी पडलेला प्रत्येक दगड नोंदवायचा, त्याला क्रमांक द्यायचा. मग जमिनीवरच ते जुळवून बघायचे, कोड्याचे तुकडे जुळवतात तसे, म्हणजे कुठला दगड कुठला हे हात लावून कळतं. मग भिंत खालपर्यंत उतरवायची, पाया दुरुस्त करायचा आणि एकेक दगड मूळ जागी चढवायचा. जो दगड हरवलाय तिथे साधा, बिनकोरलेला दगड बसवायचा. त्यावर नक्षी कोरून जुन्यात मिसळायचं नाही.

अंकोर परिसरात ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली ती इथे. लहान देऊळ आणि टणक दगड, म्हणून ते जमलं. मोठ्या देवळाचं काम हाती घेण्याआधी अशा ठिकाणी हात बसतो. पुढे तिथल्या कितीतरी देवळांवर हेच तंत्र वापरलं. २००० नंतर स्विस मदतीने पाणी वाहून नेण्याची व्यवस्था सुधारली. दगडाचा खरा शत्रू साचलेलं पाणी, हे वेरूळच्या लोकांना मी वेगळं सांगायला नको.

आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही अंकोर वाटवर १९८६ ते १९९३ काम केलंय, आणि नंतर तिथल्याच ता प्रोम या देवळातही.

---

भरतीओहोटी

त्या देवळातल्या चोरीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९२३ मध्ये आंद्रे माल्रो नावाचा तरुण फ्रेंच लेखक तिथे गेला आणि चार देवतांची शिल्पं कापून घेऊन निघाला. नॉम पेन्हमध्ये पकडला गेला, शिल्पं परत देवळात आली. हाच माल्रो पुढे १९५९ मध्ये फ्रान्सचा संस्कृतिमंत्री झाला. आणि खरं तर त्या गाजलेल्या खटल्यामुळेच या देवळाकडे लक्ष गेलं आणि साफसफाईला वेग आला.

त्यानंतरही चोऱ्या थांबल्या नाहीत. कंबोडियाच्या यादवीच्या काळात आणि नंतर देवळंच्या देवळं तोडून विकली गेली. को केर इथल्या एका देवळात भीम-दुर्योधनाच्या गदायुद्धाचा मोठा शिल्पसमूह होता. पाय तिथेच राहिले, धडं परदेशात. त्यातला दुर्योधन आणि भीम २०१४ मध्ये अमेरिकेतून परत आले. हे वाचलं तेव्हा खूप बरं वाटलं होतं.

---

पेन्सिलटोक

भरतीओहोटी, हा धागा तुम्ही जोडलात त्याबद्दल आभार, कारण भीम-दुर्योधन बांते स्रेईमध्येही आहेत. म्हणजे होते. तो शिल्पपट आता नॉम पेन्हच्या संग्रहालयात आहे. भीम उंच उडी घेतोय, आणि एका बाजूला बलराम नांगर घेऊन चिडलेला, कारण मांडीवर घाव घालणं नियमात बसत नाही. नांगर बघून कुणालाही बलराम ओळखता येतो.

आणखी एक शिल्पपट पॅरिसच्या गीमे संग्रहालयात आहे. सुंद आणि उपसुंद हे दोन असुर भाऊ तिलोत्तमेवरून एकमेकांवर गदा उगारतात, ती मधे उभी. दोन्ही हातांना दोघांनी धरलेलं. महाभारतातली ही उपकथा आपल्याकडे शिल्पात मी पाहिलेली नाही.

जोत्यावर गुडघे टेकून बसलेले जे रक्षक आहेत, कुणी माकडमुखी, कुणी सिंहमुखी, कुणी गरुड, तेही आता नकला आहेत. मूळ संग्रहालयात सुरक्षित ठेवलेत. मला आधी वाईट वाटलं. पण चोरांच्या हाती लागण्यापेक्षा हे चांगलं.

---

उंबरठा

माझा प्रश्न साधा आहे. गाभाऱ्याचं दार इतकं लहान का? माणूस आत कसा जायचा? की आकार चुकला?

---

शब्दमोट

आकार चुकलेला नाही. ते देवाचं घर आहे, सभागृह नाही. आत जाणार फक्त पुजारी, तोही वाकून. बाकीच्यांनी बाहेरूनच दर्शन घ्यायचं. आपल्याकडेही जुन्या गाभाऱ्यांची दारं बुटकी असतात, आत जाताना मान आपोआप झुकते. तिथे हे फार टोकाला नेलंय, कारण सगळं देऊळच लहान प्रमाणात आखलंय. त्यामुळे होतं काय, की प्रवेशदारातून मधल्या शिखराकडे पाहिलं तर ते आहे त्यापेक्षा लांब आणि मोठं वाटतं.

काळाच्या बाबतीत मात्र अभ्यासक फसले होते. इतकी बारीक, इतकी पक्व कारागिरी म्हणजे देऊळ तेराव्या-चौदाव्या शतकातलं असणार, असं सुरुवातीला मानलं गेलं. १९२९ मध्ये जॉर्ज सेदेस या फ्रेंच अभ्यासकाने शिलालेखांवरून ते दहाव्या शतकातलं ठरवलं. १९३६ मध्ये स्थापनेचा लेख कोरलेली शिळाच सापडली आणि वाद संपला. बाराव्या शतकात देऊळ दिवाकरपंडित नावाच्या राजगुरूकडे सोपवलं गेलं आणि चौदाव्या शतकापर्यंत ते वापरात होतं. एका गुरूने बांधलेलं देऊळ पुढे दुसऱ्या गुरूच्या हाती गेलं.

---

नाचरी पैंजणं

मी भरतनाट्यम शिकवते. त्या देवळात नाचणारा शिव आहे असं ऐकलंय, त्याबद्दल सांगाल का? आणि भिंतींवरच्या त्या अप्सरा नाचताहेत का?

---

पेन्सिलटोक

आतल्या आवाराच्या पूर्व गोपुरावर नाचणारा शिव आहे, दहा हातांचा. आत शिरण्याआधी मान वर केली की तोच दिसतो. त्याच्या पायाशी एका बाजूला एक कृश, ओघळलेल्या स्तनांची स्त्री बसलेली आहे. ती कारैक्काल अम्मैयार, तमिळ शिवभक्त संत. देहाचं सौंदर्य नको, नाचणाऱ्या शिवाच्या पायाशी बसून गाऊ दे, एवढंच मागणारी. चोहीकडे देखण्या देवता असलेल्या देवळात दारावर बसायचा मान या म्हातारीला दिलाय, हे बघून माझे डोळे भरून आले. तमिळ देशातली तिची कथा तिथवर कुणी नेली असेल?

भिंतींवरच्या स्त्रिया नाचत नाहीत, शांत उभ्या आहेत. अभ्यासक त्यांना अप्सरा न म्हणता देवता म्हणतात. त्या बाजूच्या दोन शिखरांवर आहेत. मधल्यावर भालाधारी तरुण द्वारपाल. केस सैल बांधलेले, कानात जड कुंडलं, ओठांवर अगदी बारीक हसू.

---

कातळशिल्पी

मागच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला. 'हात तिथले होते' हे पटलं. मी आयुष्यभर दगडात काम करणाऱ्यांमध्ये वावरलो, तरी देवळाबद्दल बोलताना आधी देव आणि राजा आठवतो, टाकी धरणारा आठवत नाही. तरीही एक म्हणेन: कथा आपल्याकडची आहे हे सांगायला लाजायचं कारण नाही.

---

पेन्सिलटोक

अजिबात नाही! तुम्ही सांगा, मीही सांगते. तिथे माझ्या शेजारी एक ख्मेर आजी नातवाला घेऊन उभी होती आणि रावणाकडे बोट दाखवून त्याला काही सांगत होती. भाषा कळली नाही. पण मी मनातल्या मनात त्या मुलाला तीच गोष्ट सांगत होते.

---

सामानसुमान

डिसेंबरात आईबाबांना घेऊन जायचं ठरतंय. दोघांचे गुडघे दुखतात. हे देऊळ जमेल का? कुठल्या वेळी जावं?

---

पेन्सिलटोक

जमेल, आणि अंकोर वाटपेक्षा कितीतरी सोपं जाईल. तिथे वरच्या टप्प्याची शिडी छातीवर येते, इथे सगळं जमिनीच्या पातळीवर. फक्त उंबरठे उंच आहेत आणि जागोजागी दगड वर-खाली आहेत, हात धरून न्या. पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नका. अंकोरचा पास इथेही चालतो, २०१७ पासून एका दिवसाचा ३७ डॉलर आहे.

वेळेचं मात्र नीट ठरवा. रावण आणि खांडववन पूर्वेकडे तोंड करून आहेत, त्यांच्यावर सकाळचं ऊन पडतं. मदन आणि कंस पश्चिमेकडे, त्यांच्यासाठी दुपार टळल्यावरचं ऊन. मी दोन्ही वेळा सकाळी गेले आणि कंसवध सावलीतच पाहावा लागला. आईबाबांना एकदाच न्यायचं असेल तर सकाळ निवडा, गर्दीही कमी असते. पोटभर बघून झालं की परतीच्या वाटेवर ताडगूळ नक्की घ्या.

---

उंबरठा

हा धागा वाचून रविवारी मुद्दाम वेरूळला गेलो. सोळा नंबरच्या लेण्यात, दक्षिणेच्या अंगाला, खालच्या अंगणातून रावण बघितला. इतकी वर्षं नुसता 'रावण' म्हणून बघून पुढे जायचो. या वेळी वरचं नीट पाहिलं. पार्वती शिवाचा दंड धरून आहे, हे ठाऊक होतं. तिच्या मागे एक दासी पळताना दिसली. घाबरून, पाठ फिरवून, थेट मागच्या अंधारात. ती याआधी मला कधीच दिसली नव्हती. तुमच्या देवळात ती आहे का?

---

पेन्सिलटोक

तुमचा प्रतिसाद वाचून मी लगेच माझी वही काढली. नाही, तिथे दासी नाही. तिथे उमा एकटीच बिलगलेली आहे आणि पळताहेत ते खालचे प्राणी. एक हत्ती तर मागे वळून बघतोय, असं मी काढून ठेवलंय. तसा तो खरंच दगडात आहे की माझ्या पेन्सिलीने वळवला, हे आता फोटो मोठा करून बघते आणि सांगते.